बाईंचे मासे

कात्री लहान हवी, टोकाशी किंचित वाकलेली हवी आणि पाण्याने गंजणारी नको, हे प्रेमानंद रामटेके यांनी आपल्या मुलीला त्या सकाळी इतक्यांदा सांगितलं की शेवटी उन्नती म्हणाली, "बाबा, आता चित्रच काढून द्या."

"देतो की," ते म्हणाले आणि खरोखरच खिशात पेन्सिल शोधू लागले.

माघातला रविवार होता. रामटेकच्या डोंगरापासून थोडं पुढे सावरी गावाचा जुना तलाव आहे, मालगुजारांच्या काळी धानासाठी बांधलेला. धानाला पाणी तो अजून देतोच, पण गावातली ढिवरांची घरं चालतात ती त्याच्या माशांवर. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चिंचेच्या सावलीत, प्रेमानंद घडीच्या खुर्चीवर बसले होते. पायाशी पाण्याने भरलेला टब, टबात कवडू ढिवराने आपल्या डोंग्यातून, लहान होडीतून, जिवंत आणून टाकलेले रोहू. ते एकेक मासा ओल्या फडक्यात धरत, उलटा करत, पोटाखालच्या दोन परांपैकी डावा पर नखं कापायच्या कात्रीने उडवत, मग गुडघ्यावर हात टेकून उठत आणि काठापर्यंत जाऊन माशाला पाण्यात सोडत. सोडताना त्यांचे ओठ हलत. मग पुन्हा खुर्ची, पुन्हा फडकं.

जुनी कात्री बोथट झाली होती. पर एका घावात कापला जात नसे, मासा तडफडे, आणि ते त्यांना बघवत नसे. म्हणून नव्या कात्रीचा एवढा घोष.

उन्नती पाळीच्या दगडावर बसून हे सगळं पाहत होती. तिची आई, सिंधूताई, सावरीच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवत होती. गावाला ती नुसती 'बाई' होती. ती जाऊन तीन वर्षं होत आली होती, आणि बाबांचं हे पर कापणं तिच्यामागे महिन्याभरातच सुरू झालं होतं. मत्स्य खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आई गेली त्या दिवशी आलेल्या-गेलेल्यांना चहा मिळाला की नाही हे तो बघत होता. रडला नाही. आणि मग एके दिवशी कात्री घेऊन पाळीवर जाऊन बसला.

उन्नती नागपूरला, सदरमधल्या एका ग्रंथालयात काम करी. वाचन दांडगं. माणूस गेल्यावर मागे उरलेले लोक काय काय करतात याविषयी तिने पुष्कळ वाचलं होतं. कोणी रोज दोघांचा चहा ठेवतं, कोणी दारातल्या चपला हलवू देत नाही. बाबा मासे सोडतात. असल्या गोष्टींचं कारण विचारू नये, हेही तिने कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे दर खेपेला प्रश्न ओठांवर यायचा आणि ती तो गिळून टाकायची.

दुपारी जेवायला रोहूचाच रस्सा होता. बाबांनी नेहमीप्रमाणे डोकं स्वतःच्या ताटात ओढलं आणि मन लावून चोखू लागले.

"मासा लहान होत चाललाय," मध्येच ते म्हणाले. "गर्दी झालीय, दुसरं काय."

"कुठे?"

"पाण्यात. खाणारी तोंडं जास्त, खाणं तेवढंच. शेतात कपाशीची पऱ्हाटी दाट झाली की विरळणी करावीच लागते. नाहीतर एकही झाड धड वाढत नाही."

"मग करा विरळणी."

"चालूच आहे. तरी कमी पडतेय." ते क्षणभर माशाच्या डोक्याकडे पाहत राहिले, जणू तेच काही सांगेल. "काहीतरी जुळत नाही मात्र."

संध्याकाळी त्यांनी तिला स्कूटरवरून बस थांब्यावर सोडलं. बस हलली तेव्हा त्यांनी खिडकीकडे बघून हात हलवला नाही. तर्जनी टोकाशी वाकवून दाखवली. तशी कात्री.

तिने ती बुधवारी ऑफिस सुटल्यावर सीताबर्डीला जाऊन घेतली. गुरुवारी सकाळी, मच्छीमार संस्थेच्या वजनकाट्याजवळ खुर्चीत बसल्याबसल्या प्रेमानंद गेले. समोर काट्यावर मासे होते. ते वाकून बघत असतील असंच सगळ्यांना वाटलं.

*

दिवाळी उलटल्यावर उन्नती सावरीचं घर आवरायला आली. एवढे महिने तिने ते टाळलं होतं. बाबांच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या लोकांनी ठेवलेल्या स्टीलच्या गिलासांची रास अजून ओट्यावर तशीच पालथी होती. कात्री तिच्या पर्समध्ये, दुकानदाराने गुंडाळून दिलेल्या कागदात तशीच होती.

पहिल्याच दुपारी धोंडबा आले. संस्थेचे अध्यक्ष, वयाने बाबांच्याच बरोबरीचे. दारातच उभे राहिले.

"जयभीम, ताई."

"जयभीम काका. आत या ना."

"बसत नाही. उद्या संस्थेची सभा हाये. बाहेरून काही तुमच्या कानावर येण्यापक्षा मीच सांगतो म्हटलं." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला. "तलाव बाहेरच्या ठेकेदाराले द्यायचं चालून राह्यलं. तो बाहेरची जात टाकन, पोत्यानं खाद्य टाकन, अन् आपल्याले रोजीवर ठेवन."

"का पण? संस्था तर चांगली चालली होती."

"मासा नाही ना जी राह्यला."

"बाबा तर म्हणायचे, गर्दी झालीय."

धोंडबांनी खाली पाहिलं. "तेच तं."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. दोन वर्षांमागे साहेब, म्हणजे तिचे बाबा, सभेत उभे राहिले आणि म्हणाले, तलाव भरलेला आहे, तुम्हाला वाटतं त्याच्या कितीतरी पट मासा आहे, बिनधास्त काढा. साहेबांनी सांगितलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? डोंगे वाढले. बारीक भोकांची जाळी आली, ज्यांत बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही. पहिलं वर्ष बरं गेलं. मग मासा लहान झाला. साहेब म्हणाले, आणखी काढा. मग तो दिसेनासा झाला.

"मधुसूदन तं आता उघड बोलते, का साहेबाच्या हिशोबानं तलाव खाल्ला म्हणून. पोट्टा तोंडाचा फाटका हाये. तुमी सभेले येऊ नका, ताई. उगा आयकावं लागते."

ते गेल्यावर उन्नती स्वयंपाकघरातले डबे खाली काढू लागली. तिला राग यायला हवा होता, निदान लाज वाटायला हवी होती. त्याऐवजी तिला कुतूहल वाटत होतं, आणि हे तिला स्वतःलाच चमत्कारिक वाटलं. बाबा चुकू शकत होते. कोण चुकत नाही? पण न मोजता बोलणारा हा माणूस नव्हता. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी घेतली तरी काड्या मोजणारा. मग त्यांनी तलावातले मासे मोजले तरी कसे? पाण्यातला मासा मोजणार कोण, आणि कसा?

डबे रिकामे करताना पांढऱ्या वाटाण्यांचा डबा हाती आला, आणि झाकण उघडल्याबरोबर तिला आईचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं: "ही निळी उसळ तुम्ही बापलेक खा, मी नाही खात."

ती तेव्हा पाचवी-सहावीत असेल. बाबांनी डब्यातले मूठभर वाटाणे काढून त्यांना शाईत बुडवलं होतं, वाळवून पुन्हा डब्यात टाकलं होतं आणि डबा खळाखळा हलवला होता. मग म्हणाले, डोळे मिटून मूठ काढ. तिच्या मुठीत बरेच निळे आले. "म्हणजे डब्यात वाटाणे थोडे आहेत," बाबा म्हणाले. मग त्यांनी शेजारच्या मोठ्या पिंपात तेवढेच निळे टाकले. तिथल्या मुठीत जेमतेम एक निळा आला. "म्हणजे इथे वाटाणे पुष्कळ. पिंप न उपसता कळलं की नाही?" आईने दोन दिवसांनी, नकळत, त्याच डब्यातल्या वाटाण्यांची उसळ केली होती.

उन्नतीने डबा ओट्यावर ठेवला. म्हणजे डावा पर कापलेला रोहू हा निळा वाटाणा होता.

म्हणून ते रोज सकाळी काट्याजवळ खुर्ची टाकून बसत. लोकांना वाटे, साहेबांना करमत नाही. ते आलेल्या माशांची पोटं बघत, खुणेचे किती परत आले ते शोधत. आणि कोणाला सांगितलं का नाही, हेही तिला आठवलं. तो किस्सा ते पाहुण्यांना रंगवून सांगत. नोकरीत असताना एका धरणावर त्यांनी जाहीर केलं होतं, खुणेचा मासा आणून देईल त्याला एक टॉवेल. महिन्याभरात सोडले त्याहून जास्त खुणेचे मासे परत आले. लोक घरीच पर कापत होते. "तेव्हापासून मी शपथ घेतली," बाबा म्हणत, "माशाचं गुपित माशाला माहीत आणि मला."

ठीक. रीत तर पक्की होती. मग हिशोब एवढा फसला कुठे?

ती पायांत चपला सरकवून कवडूच्या घराकडे निघाली.

*

"तुमाले पोहता येते का?" सकाळी डोंगा ढकलता ढकलता कवडूने विचारलं.

"नाही."

"मंग बसा मधात, अन् उठू नका. बाईनं मले पहिलीत दोनदा नापास केलं, तुमाले बुडवलं तं ते वरून येऊन तिसऱ्यांदा करन."

कवडू तिच्याच वयाचा. आईच्या शाळेतला. पाण्यावर धूर तरंगावा तसं धुकं होतं. पलीकडे डोंगरावरचं रामाचं देऊळ अर्धं दिसत होतं, अर्धं नाही. त्याने आदल्या संध्याकाळी लावलेलं जाळं धरलं आणि हळूहळू डोंग्यात ओढायला सुरुवात केली.

आधी आली ती पिल्लं. बोटाएवढी, चांदीच्या पातळ पत्र्यासारखी. पावसाळ्यात संस्थेनेच तलावात सोडलेलं बीज, वर्षभराने ताटात यायचं ते आत्ताच जाळ्यात.

"एवढीशी?"

"हेच हाये आता. हे बाजारात कोनी घेत नाही, कोंबड्याईच्या खाद्यात जाते."

मग जाळं जड झालं. पाणी फाटल्यासारखं झालं आणि कोपराएवढा रोहू वर आला. उन्नती नकळत ओरडली, "अरे! मोठा आहे की!"

कवडूने त्याला जाळ्यातून सोडवलं, उलटा केला, पोटाकडे एक नजर टाकली आणि अलगद पाण्यात सोडून दिला. जाळं पुन्हा ओढू लागला. थोड्या वेळाने आणखी एक तसाच आला. उलटा केला, पाहिला, सोडला. मग तिसरा.

"कवडूभाऊ," ती म्हणाली, आणि तिच्याही तोंडात गावची बोली आली, "काहून सोडून राह्यले तुम्ही?"

तो तिच्याकडे बघेना. जाळ्यातली काडी काढत बसला.

"सांगा ना."

"ताई, ते बाईचे हायेत."

"काय?"

"बाईचे मासे. साहेब बाईच्या नावानं सोडत ना. तुमच्यात जीवदान म्हनतात नं काहीतरी? आमाले बी समजते थोडंफार." तो आता घाईघाईने बोलू लागला. "कोनी सांगतलं नाही जी आमाले. बाई गेली अन् साहेब पाळीवर येऊन बसले, पर कापून सोडू लागले, ओठात पुटपुटू लागले. मंग समजत नाही का मानसाले? धोंडबाबांनं एकदाच सांगतलं, का खुणेचा मासा कोनी आनू नका, अन् साहेबाले दिसू बी देऊ नका का तो जाळ्यात घावला होता म्हणून. उगा त्याईच्या जिवाले लागन."

"कोणीच बाबांना काही बोललं नाही?"

"कसं बोलन? रडनाऱ्या मानसाले काहून रडता म्हणून कोनी विचारते का?"

"सगळेच सोडता?"

"सगळेच. पार्वतीबाईच्या टोपल्यात एखांदा चुकून गेला तं ते बाजारातून शिव्या देत वापस येते अन् सोडते."

उन्नतीने डोंग्याची कड घट्ट धरली. तिला वाटलं आता आपण रडणार, पण निघालं ते हसू. जीवदान! बाबा! ज्यांनी आयुष्यात मरळीचं डोकंही ताटात टाकून दिलं नाही ते. कवडू आधी घाबरला, मग तिच्याकडे बघून त्यालाही हसू फुटलं, का ते न कळताच.

हसू ओसरलं तसं मागचं सगळं एका ओळीत उभं राहिलं. बाबांनी मासे खुणा करून सोडले. काट्यावर एकही परत आला नाही. निळा वाटाणा मुठीत येतच नाही म्हणजे पिंप अथांग. मासा अथांग आहे आणि तरी लहान होतोय, म्हणजे गर्दी. गर्दी आहे म्हणजे विरळणी. विरळणी म्हणजे आणखी डोंगे, बारीक जाळी. आणि मुठीतले निळे वाटाणे तर सगळं गाव मिळून, त्यांच्या पाठीमागे, पुन्हा पिंपात टाकत होतं. मायेनं. त्यांचं मन राखण्यासाठी.

आणि तिने तरी काय वेगळं केलं होतं? तिला वाटलं होतं तेच गावाला वाटलं होतं.

"कवडूभाऊ, खुणेचा नसलेला मोठा मासा कधी मिळतो?"

त्याने आठवून पाहिलं. "बाईचा नसलेला? उन्हाळ्यापासून तं नाही."

म्हणजे या तलावात मोठा मासा होतो. ज्याला होऊ दिलं तो झाला.

परत येताना ती दोन्ही बाजू तोलत होती. सभेत हे सांगितलं तर बाबांचा हिशोब कसा चुकला ते सगळ्यांना कळेल. पण ते मासे बाईंचे नाहीत, हेही कळेल. मग त्यांना कोण सोडेल? तलावात उरलेला एकूण एक मोठा मासा मोजणीचा नुसता वाटाणा ठरेल, आठवड्याभरात बारीक जाळ्यांत येईल, आणि त्यानंतर ठेकेदार. गप्प राहिलं तर मासे वाचतील आणि बाबांच्या नावाला तेवढा बोल लागलेला राहील, साहेबाच्या हिशोबानं तलाव खाल्ला.

बाबांनी काय केलं असतं? ते माशाचं गुपित राखून बसले होते. त्याचं काय झालं ते समोर होतं.

काठाला लागताना ती म्हणाली, "धोंडबाकाकांना सांगा, मी सभेला येतेय. आणि तुमच्या घरी नीळ असेल तर द्या थोडी. कपड्यांची."

*

सभा संस्थेच्या शेडमध्ये होती, काट्याच्या बाजूला. पुरुष सतरंजीवर, बाया भिंतीला टेकून. बाबांची घडीची खुर्ची कोपऱ्यात मिटून उभी होती. उन्नती वाटाण्यांचा डबा घेऊन आत आली तेव्हा मधुसूदन बोलत होता आणि तो मध्येच थांबला.

"बोला ना भाऊ," ती म्हणाली.

"नाही, तुमीच बोला."

तिला लोकांपुढे बोलायची सवय नव्हती. तिने डबा पार्वतीबाईंपुढे ठेवला. "काकू, डोळे मिटून मूठ काढा."

"उसळ करतं का वं?"

"काढा तर."

पार्वतीबाईंनी मूठ काढली. पांढऱ्यांत निळे बरेच होते. उन्नतीने बाबांचा खेळ सगळ्यांना समजावून सांगितला, त्यांच्याच शब्दांत, जमेल तेवढा. निळे जास्त तर डबा लहान, निळे कमी तर डबा मोठा. लोकांना मजा वाटली. दोघातिघांनी मुठी काढून पाहिल्या.

"आता पुन्हा काढा. पण निळा दिसला की मला न दाखवता डब्यात परत टाका. फक्त पांढरे दाखवा."

पार्वतीबाईंनी निळे वेचून टाकले आणि पांढऱ्यांनी भरलेली मूठ पुढे केली.

"आता मी हिशोब केला तर मला काय वाटेल?"

"डब्बा लय मोठा हाये असं वाटन," भिंतीकडून कोणीतरी म्हणालं.

"बाबांना तसंच वाटलं," उन्नती म्हणाली. "तलावातला निळा वाटाणा म्हणजे डावा पर कापलेला रोहू."

धोंडबांच्या हातातला दुपट्टा गळून मांडीवर पडला. त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"म्हंजे आमीच..." ते म्हणाले.

"तुम्ही त्यांचं मन राखलं, काका. त्यांनी सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही."

"साहेबानं सांगाले काय झालं होतं पन?" पार्वतीबाई एकदम भडकल्या. "एवढा शिकलेला मानूस! एक शब्द बोलले असते तं मी रोज टोपलंभर बाईचे मासे आनून काट्यावर आपटले असते. दोन कोस वापस येत होती मी एकेका माशापायी!"

एक जण हसला, मग सगळेच. हसू संपायच्या आत मधुसूदनने तेच विचारलं ज्याची उन्नतीला भीती होती.

"म्हंजे ते मासे बाईचे नाहीत. मंग आता धराले हरकत नाही ना? मोठेमोठे हायेत. यंदाचा हंगाम निघून जाते."

दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात हिशोब होता.

"काय गा मधुसूदन," पार्वतीबाई म्हणाल्या, "तुले बाराखडी कोनं शिकवली?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"सांग ना."

"बाईनं."

"अन् इतके वर्षं आपन कोनाच्या नावानं सोडले ते?"

"बाईच्या."

"मंग साहेबानं कोनाच्या बी नावानं सोडले असन, आपन तं बाईच्याच नावानं सोडले नं? आपलं सोडलेलं आपनच खाऊन राह्यलो का आता?" त्यांनी पदर खोचला. "अन् ज्याले सोडलं तो वाढला, ज्याले धरलं तो बोटाएवढाच राह्यला. एवढं सांगाले वाटाने कायले पाह्यजेत वं, ताई?"

त्यानंतर वाद झालाच. मधुसूदनचं म्हणणं साधं होतं आणि खोटं नव्हतं: बारीक जाळी काढली तर होळीपर्यंत खायचं काय? ठेकेदार निदान रोजी तरी देईल. दोघं जण तिथेच त्याच्या बाजूने झाले आणि शेवटपर्यंत तसेच राहिले. पण धोंडबांनी हात वर करायला सांगितले तेव्हा जास्त हात दुसऱ्या बाजूचे होते. बारीक जाळी एक साल बंद. ठेकेदाराला पुढच्या सभेपर्यंत थांबायला सांगायचं. आणि खुणेचा मासा जाळ्यात आला तर तो सोडायचाच, पण आधी काठावरच्या माणसाला ओरडून सांगायचं.

"कोन राहीन काठावर?" मधुसूदनने विचारलं. अजून घुश्शातच होता. "साहेब तं नाहीत."

"मी येईन," उन्नती म्हणाली. "दर रविवारी."

*

निघायच्या सकाळी तिने घडीची खुर्ची उचलून चिंचेखाली उघडली. कवडूने टबात मासे आणून टाकले. लहान, पण आतापर्यंत बारीक जाळ्यांतून वाचलेले. तिने पर्समधून कागदाची पुडी काढली. कात्रीला अजून दुकानाचा वास होता.

पहिला मासा हातातून निसटला. दुसरा कवडूने धरून दिला. डावा पर तिने कापला, एका घावात, आणि मासा नीटसा हललाही नाही. वाकलेलं टोक बरोबर पराच्या मुळाशी बसत होतं. म्हणून वाकलेली.

"साहेब सोडताना काही म्हनत," कवडू म्हणाला.

"मोजत असतील."

त्याने जरा विचार केला. "मोजत नसन, ताई. मोजाले एवढा वेळ नाही लागत."

उन्नतीने मासा ओल्या फडक्यात उचलला आणि पाळीवरून खाली उतरून काठाशी गेली. पाणी घोट्याला थंड लागलं. तिने हात पाण्याखाली नेऊन फडकं मोकळं केलं. मासा लगेच गेला नाही. तिच्या तळव्यांत क्षणभर तसाच थांबला, कल्ले उघडत, मिटत. तिने वाचलेलं काहीच या वेळी उपयोगी पडेना. मागे कवडू ऐकत होता, पलीकडच्या डोंग्यातले लोकही बघत असतील. तिने प्रश्न गिळला नाही.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "हे मोजण्यासाठीच होतं, की आईसाठीही?"